ओरिसियाचं मत

माझ्या बहिणीनं, ओरिसियानं, पोटच्या मुलीचा संघ बंद करण्यासाठी हात वर केला तेव्हा मी तिच्या पाठीमागेच बसले होते. गावातले लोक अजून विचारतात, "स्लावा, तुला तरी आधी कळलं होतं का गं?" नव्हतं कळलं. मलाही नाही आणि झेनियालाही नाही.

पण आधी वासिलचं सांगायला हवं. तो ओरिसियाचा नवरा, झेनियाचा बाप. रेल्वेरुळांजवळच्या धान्याच्या कोठारावर कामाला होता. माणूस घुमा, चार शब्द बोलला तर त्यातले दोन हवामानाबद्दल. पण थंडी पडली की त्याच्या अंगात यायचं. कामावरून आला की जेवायच्या आधी पाण्याचा पाइप घेऊन मागच्या अंगणात. थरावर थर गोठवून असा गुळगुळीत बर्फ करायचा की शेजाऱ्यापाजाऱ्यांची पोरं कुंपणावर चढून बघत बसायची. झेनिया चालायला लागली आणि त्याच हिवाळ्यात त्यानं तिच्या पायात स्केट्स अडकवले.

तेव्हा आमच्या एल्क फोर्क गावात मुलींचा बर्फावरच्या हॉकीचा संघ नव्हता. झेनिया मुलांमध्ये खेळायची. कपडे बदलायला तिला रिंकमधली, म्हणजे बर्फाच्या बंदिस्त मैदानातली, बॉयलरची खोली दिली होती. आत झाडू, बादल्या, गंजलेले पाइप. वासिल दारावर पाठ टेकून उभा राहायचा. एकदा कुणीतरी हसून म्हणालं, "काय वासिल, राजकन्येचा पहारेकरी का?" हा म्हणाला, "हो." बस्स, तेवढंच.

मग गावातल्या आमच्या विद्यापीठानं मुलांच्या संघाच्या जोडीला मुलींचाही संघ काढला. ग्लेनिस नावाची प्रशिक्षक आली. रोखठोक बाई, घोगऱ्या आवाजाची. पहिल्या सामन्याला वासिल झेनियाला घेऊन गेला. परतताना गाडीत मी मागे होते. तो म्हणाला, "इथंच खेळशील तू. लांब कशाला जायचं?" झेनिया तेव्हा शाळेत होती. तिनं काचेला नाक लावून नुसती मान हलवली.

तिची शाळा संपायच्या आधीच्या फेब्रुवारीत, एका शनिवारी, वासिलच्या छातीत कळ आली. ओरिसिया स्वतः नर्स. आमच्या छोट्या इस्पितळात तिनं सारी उमर घालवली होती. तिनं ओळखलं आणि त्याला गाडीत घातलं. इस्पितळाच्या दारावर चिठ्ठी होती: नर्स नसल्यामुळे तातडीचा विभाग शनिवार-रविवार बंद. पुढचं इस्पितळ तासाभराच्या पलीकडे. झेनियानं स्टिअरिंग धरलं, ओरिसिया मागच्या सीटवर गुडघ्यांवर बसून त्याची छाती दाबत राहिली. रस्ता बर्फानं पांढरा, पुढचं काही दिसेना. त्या दोघी पोचल्या तेव्हा तिसरा उरला नव्हता.

झेनियाला बाहेरच्या विद्यापीठांकडून खेळायला बोलावणी आली होती. दूरच्या ओन्टारिओतून, देशाच्या सीमेपलीकडूनही. तिनं एकही घेतलं नाही. मला म्हणाली, "मावशी, आईला टाकून मी कुठं जाऊ? आणि बाबांनी सांगितलंच होतं ना." ती इथंच राहिली, ग्लेनिसच्या संघात गेली, आणि तिसऱ्या वर्षी कर्णधार झाली. त्याच सुमारास विद्यापीठाच्या नियामक मंडळावर गावातला एक माणूस हवा होता. ओरिसियाला विचारलं. ती हो म्हणाली. तिला एकच गोष्ट हवी होती: नर्सिंगचा अभ्यासक्रम इथं, गावात. "इथली पोरं इथंच शिकली तर इथं राहतील," असं ती भेटेल त्याला सांगायची.

त्या हिवाळ्यात सरकारी अनुदान आटलं. काहीतरी कापणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. काय, ते मंडळाच्या लोकांनी बाहेर बोलायचं नव्हतं. मी ओरिसियाकडे जायची तेव्हा ती पेरोगी, आमच्या उकडायच्या करंज्या, लाटत बसलेली असायची. एवढ्या की फ्रीजरचं दार लागेना. मी म्हटलं, "अगं, कुणाचं लग्न आहे का?" ती हसली नाही. बटाट्याचं सारण भरत राहिली. मला वाटलं, थकली असेल.

मग जाहीर सुनावणी लागली. विद्यापीठाचं सभागृह इतकं भरलं की मला मंडळाच्या टेबलामागे, भिंतीलगत खुर्ची मिळाली. मंडळाचे अध्यक्ष हॅमंड म्हणून एक उंच गृहस्थ होते. त्यांनी साखरेत घोळून सांगितलं की पैसा एकाच गोष्टीला पुरेल. नर्सिंगचा वर्ग सुरू करायचा, की मुलींचा हॉकी संघ चालू ठेवायचा.

झेनिया बोलायला उठली. संघाचं निळं जाकीट, केस अजून ओले, सरावावरून थेट आलेली. तिच्यासमोर लांब टेबलाशी मंडळ, आणि त्यात तिची आई.

"मी बॉयलरच्या खोलीत कपडे बदलून मोठी झाले," ती म्हणाली. "माझे बाबा दार धरून उभे असायचे. आज या गावातली लहान पोरगी काठी घेऊन घराबाहेर पडली की तिला स्वतःची खोली आहे, स्वतःचा संघ आहे, आणि शनिवारी बघायला आम्ही आहोत. आम्ही गेलो की ती कुणाकडे बघून शिकणार?"

मंडळातले एकजण म्हणाले, "पण तुमच्या सामन्यांना माणसं किती येतात?"

"तुम्ही कधी आलात?" झेनियानं विचारलं.

सभागृह हसलं. तेही ओशाळून हसले. मी ओरिसियाकडे पाहिलं. मागून मला फक्त तिची मान दिसत होती. ताठ, जशी ती चर्चमध्ये असते.

शेवटी झेनिया म्हणाली, "नर्स नकोत असं मी म्हणणार नाही. मी तरी कसं म्हणेन? पण नर्स आणि आम्ही, यातलं एकच निवडा असं का सांगताय? विद्यापीठाच्या मुलांच्या संघाबद्दल कुणी एक शब्द काढला नाही." आणि ती आईकडे बघून किंचित हसली. आपलं माणूस पलीकडे बसलंय असं समजून हसावं तसं.

हात वर झाले. एकेक करत. ओरिसियाचा शेवटी, पण वर झाला. संघ बंद.

झेनियाचं ते हसू लगेच गेलं नाही, हे मला विसरता येत नाही. काय झालं ते तिच्या चेहऱ्याला कळायला वेळ लागला.

घरी मी दोघींच्या मागोमाग गेले. एकटं सोडायची छाती झाली नाही. झेनिया स्वयंपाकघरात जाकिटासकट उभी होती.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"महिनाभर," ओरिसिया म्हणाली.

"महिनाभर मी इथं या टेबलावर बसून माझं भाषण तुला वाचून दाखवत होते. तू म्हणालीस, बाबांचं वाक्य वर घे."

"मला बोलायची बंदी होती गं."

"हॅमंडनी तुला मताच्या वेळी बाहेर बसायची मुभा दिली होती ना? मुलीचा मामला आहे म्हणून? ग्लेनिसनं सांगितलं मला."

"दिली होती. बाहेर बसले असते तरी हेच झालं असतं. पाप दुसऱ्यांच्या हातांनी आणि मी नामानिराळी. ते मला नाही जमलं, झेनिया."

"आणि मुलांचा संघ?"

"त्याचा पैसा वेगळा, देणगीदारांचा, असं म्हणाले."

"आणि तू मान हलवलीस."

ओरिसियानं खुर्चीची पाठ धरली. "हलवली."

"बाबा असते तर..."

"बाबा असते तर मी त्या मंडळावरच नसते!" ओरिसिया ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला ओरडताना ऐकलं. "या हातांखाली गेला तो. या. तुला कळत नाही, माझ्या हातांखाली..."

"गाडी मी चालवत होते, आई."

 झेनिया आपल्या खोलीत गेली, पिशवी भरली आणि तानिसकडे, संघाच्या गोलरक्षकाकडे, राहायला गेली. जाताना माझ्या गालाचा मुका घेतला. आईच्या शेजारून तशीच गेली.

मार्चमध्ये शेवटचा सामना झाला. जिथं कधी निम्मी बाकं भरत नव्हती तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. ग्लेनिस घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मयताला बरी गर्दी करता येते लोकांना." ओरिसिया आली. मी तिला नको म्हणत होते. ती काचेजवळ उभी राहिली आणि तिच्या आजूबाजूची माणसं हळूहळू सरकत गेली, नुसती तिच्याभोवतीची जागा रिकामी उरली. आमच्याच चर्चमधल्या बाया, ज्यांची बाळंतपणं तिनं केली होती.

सामना बरोबरीत होता. जादा वेळेत चकती झेनियाच्या काठीवर आली, समोर गोल उघडा. ती मारणार एवढ्यात पाय घसरला. नेहमीचंच घसरणं, कुणालाही होतं. पलीकडच्या पोरींनी चकती पळवली आणि गोल झाला. खेळ संपला. आमच्या मुली बर्फावर बसल्या त्या बसल्याच. हेल्मेटं काढून एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून रडत होत्या, आणि बर्फ साफ करणारं यंत्र घेऊन आलेला माणूस इंजिन बंद करून वाट बघत राहिला.

ओरिसिया काचेवर तळहात ठेवून उभी होती. झेनिया तिच्या समोरून गेली. वर बघितलं नाही.

उन्हाळ्यात ती पार पूर्व किनाऱ्यावर, नोव्हा स्कोशियाला निघून गेली. तिथल्या विद्यापीठानं तिला संघात घेतलं. ओरिसिया मला पुन्हा पुन्हा सांगायची, "खेळतेय ना, तेवढं पुरे. माझ्याशी नाही बोलली तरी चालेल. खेळतेय ना." तेवढ्या एका गोष्टीवर बिचारीनं आपला संसार टेकवून ठेवला होता.

जुन्या पंचांगाप्रमाणे जानेवारीत आमचा नाताळ. आदल्या संध्याकाळी पहिली चांदणी दिसली की जेवायला बसायचं, आणि घरच्या मेलेल्या माणसासाठी एक ताट मांडायचं, अशी आमच्यात रीत. ओरिसियानं वासिलचं ताट मांडलं. मग झेनियाचंही मांडलं. विमानाची तिकिटं पाठवली होती, येईल असं तिला वाटत होतं. बोर्श्ट, आमचं बिटाचं सूप, निवालं. दोन रिकाम्या ताटांसमोर आम्ही दोघी बहिणी बसलो.

फोन माझ्या मोबाइलवर आला.

"मावशी, तिला सांग नाताळच्या शुभेच्छा."

"तूच सांग की. इथंच आहे ती."

मी फोन मधे ठेवला, आवाज मोठा केला. ओरिसिया पुढं वाकली. "झेनियुशा, सामने कसे चाललेत?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग झेनिया म्हणाली, "मी सोडलं, आई. नोव्हेंबरातच."

"का गं? त्रास देतात का कुणी?"

"नाही, चांगल्या आहेत सगळ्या. पण चकती माझ्याकडे आली की मी आधी बाकांकडे बघते, आपलं माणूस बसलंय का ते. मग उशीर होतो. दर वेळी उशीर होतो." तिचा आवाज अगदी साधा होता. "ठेवते मी. जेवा तुम्ही."

ओरिसिया उठली, झेनियाचं ताट उचललं, धुतलं, पुसलं, कपाटात ठेवलं. मग कपाटाला कपाळ टेकवून रडली. वासिलच्या दफनालाही ती अशी रडली नव्हती.

त्या वसंतात मंडळाच्या बैठकीत ती उभी राहिली. मुलांच्या संघाचा हिशेब मांडा म्हणाली. हॅमंड हसून म्हणाले, "ओरिसियाबाई, तो विषय झाला." ती म्हणाली, "झाला नाही. तुम्ही मला दोन ताटं दाखवलीत आणि तिसरं झाकून ठेवलंत. मी झाकण उचललं नाही, ती चूक माझी. आता उचलतेय." देणगीदारांचा म्हणत होते त्यातला बराच पैसा विद्यापीठाचाच निघाला. प्रवास, बस, रिंकचं भाडं, सगळं. तिनं मांडलं, अर्धा वाटा मुलींना द्या. मत घेतलं. तिच्या बाजूनं तिचा एकटीचा हात. तिनं राजीनामा दिला आणि घरी येऊन बटाटे लावायला वाफे खणले.

नर्सिंगचा वर्ग मात्र सुरू झाला, चालला. इस्पितळाचं दार आता शनिवारी-रविवारी उघडं असतं. मागल्या वर्षी माझी साखर घसरली आणि मी दुकानात कोसळले तेव्हा एका कोवळ्या पोरीनं मला शुद्धीवर आणलं. याच वर्गातली ती. त्यामुळे मी कोणत्या तोंडानं काय बोलणार? आणि रिंकवर शनिवारी आता मुलांचे सामने असतात. लहान पोरी येतात, बघतात, घरी जातात.

झेनिया आली ती नोव्हा स्कोशियाला जाऊन तीन वर्षं झाल्यावर. ईस्टरनंतर पाद्री कबरींवर प्रार्थना म्हणतात त्या रविवारी. कडेच्या खड्ड्यांत अजून बर्फ होता. वासिलच्या कबरीवर रंगवलेली अंडी आणि गोड पाव ठेवून आम्ही तिघी उभ्या राहिलो. प्रार्थना झाली, लोक पुढच्या कबरीकडे सरकले.

ओरिसिया मातीकडे बघत म्हणाली, "माझं चुकलं का, झेनिया? तू सांग. मी दुसऱ्या कुणाला विचारत नाही."

झेनियानं आईच्या कोटाचा गळा नीट केला. वारा होता. "नाही चुकलं," ती म्हणाली. "चुकलं असतं तर केव्हाच माफ केलं असतं गं मी तुला."

ओरिसियानं मान हलवली. दोघींच्या मधे हातभर अंतर होतं. मग झेनिया पावाचे तुकडे करायला बसली, एक आईला दिला, एक मला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला विमानतळावर सोडलं. ओरिसिया फाटकापर्यंत आली होती. गाडी वळेपर्यंत ती तिथंच होती, आणि झेनिया पुढच्या रस्त्याकडे बघत होती.