शंभर माणसांचा आवाज

आईने व्हिडिओ गेमचा कंट्रोलर मांडीवर घेतला, चष्मा नाकावर सरकवला आणि पडद्यावरच्या फळविक्याला गाठलं.

"आत्ता गडबडीत आहे, नंतर बोलू," फळविक्या म्हणाला आणि चालू लागला.

"बघ, पुन्हा तेच!" आई म्हणाली. "मीच काहीतरी चुकीचं दाबतेय बहुतेक."

दारात बूट काढणाऱ्या तिच्या मुलाचे कान तापले. फळविक्याचा आवाज त्याचाच होता. तो होता आवाज देणारा कलाकार. जाहिराती, कार्टून, लिफ्टमधल्या सूचना, मिळेल ते काम करायचा. या गेमने नशीब उघडलं, असं तो सगळ्यांना सांगत सुटला होता. कंपनीचा गाजावाजा तर विचारूच नका. अख्खं शहर मोकळं, हव्या त्या गल्लीत शिरा, हव्या त्या माणसाशी बोला, प्रत्येकाची आपली कहाणी! जाहिरातीत तोही छाती फुगवून म्हणाला होता, "यातली शंभर माणसं मी जगलोय."

रेकॉर्डिंग खरंच शंभर जणांचं झालं होतं, पार घसा बसेपर्यंत. मग गेम बाजारात आणायची तारीख अंगावर आली, कहाण्या कापल्या गेल्या आणि शंभर तोंडांत एकच वाक्य कोंबलं गेलं. जाहिरातीच्या वेळी त्याला हे ठाऊक होतं. तरी तो बोलला. आता सगळे नेटवर त्या वाक्याची टर उडवत होते, आणि तो तोंड लपवून फिरत होता.

आईपर्यंत हे पोचायचं नाही, अशी त्याची समजूत होती. पण ताईने हौसेने गेम आणला, टीव्हीला जोडून दिला, बटणंही शिकवली. आई पूर्वी इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर होती. लाइन लागत नाही म्हणून हात टेकणं तिला माहीतच नव्हतं. तिने न्हाव्याला थांबवलं, पहारेकऱ्याला थांबवलं, पुलावरच्या भिकाऱ्यालाही सोडलं नाही. भिकारीसुद्धा गडबडीत होता.

"बंद कर ना, आई. एवढं काही खास नाहीये त्यात."

"गप रे. अजून अर्धं शहर बाकी आहे. कुणीतरी पुढचं बोलेलच की."

ती पडद्यावरच्या पुढच्या माणसाच्या मागे धावत सुटली. अंगठा चुकला, भिंतीवर आपटली, "अगं बाई!" म्हणून पुन्हा वळली. त्याला ते बघवेना. तो सोफ्याच्या कडेला टेकला.

"आई, पुढे काही नाहीये. सगळे एवढंच बोलतात. बाकीचं कापलं. मला आधीच माहीत होतं, तरी मी जाहिरातीत थापा मारल्या."

आईचा अंगठा थांबला.

"म्हणजे माझं बटण चुकत नव्हतं?"

"नाही."

"हुश्श! मला वाटलं, मलाच जमत नाहीये."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. लाजेने त्याला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आणि एवढं सगळं कापून नेमकं हेच का ठेवलं रे त्यांनी?" तिने विचारलं.

"ते तर लिहिलेलंही नव्हतं." निदान हसायला तरी एक निमित्त मिळालं, असं त्याला वाटलं. "रेकॉर्डिंग चालू असताना मध्येच कुणाचा तरी फोन आला. मी एवढंच बोलून झटकून टाकला, आणि माईक चालूच राहिला. साहेब म्हणाले, हेच सगळ्यात खरं वाटतंय."

आई हसली नाही. तिने चष्मा काढला आणि पदराने पुसू लागली.

"माझा होता तो," ती म्हणाली.

त्याने विचारलं, "कशाला केला होतास?"

"काही नाही रे, सहजच. तुझा आवाज ऐकावा म्हटलं."

त्याला मान वर करता येईना.