बंबखान्यातल्या वजनकाट्याची साक्ष

मी वजनकाटा बोलतोय. माझ्यावर विश्वास ठेवा, असं म्हणायची मला सवय नाही. आजवर जे माझ्यावर उभे राहिले त्यांच्यापैकी फार थोड्यांनी तो ठेवला. बहुतेक जण आधी माझ्या दांडीकडे बघतात, मग माझ्या शेजारी कोण उभं आहे ते बघतात, आणि मगच पाय टाकतात.

सध्या मी नेरूळच्या बंबखान्यात जिन्याखाली पडून आहे. आगीचे बंब आणि ते घेऊन धावणारे जवान जिथे असतात, तोच बंबखाना. पुढच्या आठवड्यात मला भंगारवाला नेणार आहे. त्याआधी मला एक गोष्ट सांगायची आहे, कारण ज्याने ती सांगायला हवी तो माणूस कधीच निघून गेला, आणि माझ्याशिवाय ती ज्या दोन साहेबांना माहीत आहे ते दोघे सांगणार नाहीत.

माझा जन्म मुंबईतल्या एका लहानशा ओतकारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचं अंग, खाली रुंद फळी, वर पितळेची दांडी आणि दांडीवर सरकणारं वजन. मला पोती मोजण्यासाठी घडवलं होतं, माणसं मोजण्यासाठी नव्हे. तिथून मला होडीत घालून मोऱ्याच्या धक्क्यावर उतरवलं आणि बैलगाडीने एका मिठाच्या वखारीत आणलं.

वखारीचा मुकादम पहिल्याच आठवड्यात मला उघडून बसला. सरकत्या वजनाच्या पोटात त्याने शिसं भरलं आणि वरून काळा रंग मारला. त्यानंतर चाळीस किलोचं पोतं माझ्यावर छत्तीस भरायचं. मिठागरात राबणारी माणसं पाठीवर पोती आणत. पायांना मिठाने भेगा पडलेल्या. त्यांच्यात खाडीकाठच्या सारसोळे गावचा नामदेव नावाचा एक माणूस होता. पोतं ठेवून तो दांडीकडे बघत राहायचा, इतरांपेक्षा जरा जास्तच वेळ. मान खाली घालून पुढचं पोतं आणायला जायचा. मला तेव्हा वाटायचं, हा एक दिवस मला लाथ घालणार. त्याने कधी घातली नाही.

पुढे नवं शहर येणार म्हणून जमिनी गेल्या, मिठागरं बुजली, वखार बंद पडली. मी सरकारी गुदामात जाऊन पडलो. तिथे वजनमापं तपासणाऱ्या माणसाने मला उघडलं, शिसं काढून फेकलं आणि माझ्या अंगावर शिक्का मारला. त्या दिवसापासून मी खरं बोलतो. पण काटा खरा की खोटा, हे नुसतं बघून कुणाला कळतं?

गुदामात दहा वर्षं गेली. चौऱ्याऐंशी साली मला बंबखान्यात आणलं. त्याचं कारण असं झालं, की औद्योगिक वसाहतीतल्या एका मोठ्या आगीत पाण्याच्या नळ्या खांद्यावर घेऊन जिना चढताना दोन जवान कोसळले. धुरामुळे नव्हे, दम संपला म्हणून. तेव्हा केंद्राचे अधिकारी रावसाहेब (हे त्यांचं नावच होतं, कुणी दिलेला किताब नव्हे) यांनी वर पत्रं लिहून जवानांसाठी एक व्यायामखोली मंजूर करून आणली. खोलीला दहा बाय वीसची जागा मिळाली. सामान मात्र जमवाजमवीचं. मोडक्या ट्रकच्या आसाला दोन्हीकडे लोखंडी चकत्या लावून उचलायचा दांडा केला. छताला एक जाड दोर टांगला. एक बाक, डंबेल्सच्या दोन जोड्या, आणि कोपऱ्यात मी.

दारावर कागद लागला. व्यायाम ऐच्छिक आहे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रत्येकाचं वजन घेतलं जाईल, ते सक्तीचं आहे.

त्या कागदाने सगळा घोटाळा केला. जवान दारात उभे राहून तो वाचत आणि एकमेकांकडे बघत. व्यायाम नाही केला तरी चालेल, पण वजन दिलंच पाहिजे, हे कसं काय? मारोती नावाचा एक जवान होता, परभणीकडचा, अंगाने भारी आणि गुडघ्याने अधू. तो म्हणाला, "सरकार फुकट पाणी पाजत नाही, आन् व्यायाम कसा देईल? ही खोली आपल्याला गाळायची चाळण हाय." हे वाक्य दुपारपर्यंत सगळ्या बंबखान्यात फिरलं.

व्यायाम शिकवायला कमळाकर नावाचा एक मास्तर ठेवला. कायम नोकरीचा नव्हे, वर्षावर्षाच्या मुदतीचा. ठाण्याहून स्कूटरवर यायचा. अबोल माणूस. काही बघितलं की खिशातून वही काढून लिहायचा. दोर चढताना कुणाला धाप लागली, लिही. कुणी गुडघा धरला, लिही. माणूस बोलत नाही आणि लिहितो, एवढं संशयाला पुरे असतं. जवान त्याला चहा देत, 'मास्तर' म्हणून मान देत, आणि तो खोलीत आला की आपलं बोलणं थांबवत.

खरं सांगतो, मलाही त्याचा संशय आला होता. वही काढणारी माणसं मी वखारीत पाहिली होती.

पहिले सहा महिने त्या खोलीत व्यायामापेक्षा ओले गणवेशच जास्त वाळले. दोराला कपडे, ट्रकच्या आसाला टॉवेल. पण महिन्याच्या पहिल्या सोमवारी सगळे रांगेत यायचे. काही जण सकाळपासून उपाशी, काही जण तांब्याभर पाणी पिऊन. जाडे पोट आत घ्यायचे, जणू पोट आत घेतल्याने मी फसेन. मी कुणाला हसलो नाही. भीती बाळगणाऱ्या माणसाला हसायचं नसतं.

या रांगेत देवजी होता. वय बेचाळीस, सारसोळ्याचा. त्याला ही नोकरी जमीन गेल्याच्या बदल्यात मिळाली होती. घरची शेती गेली, खाडीतली मासळी कमी झाली, आता ही वर्दी एवढंच काय ते उरलं होतं. पहिल्या सोमवारी तो माझ्यावर चढला, दांडीकडे बघितलं, आणि बघतच राहिला. इतरांपेक्षा जरा जास्तच वेळ. ते बघणं मी ओळखलं. हा नामदेवचा मुलगा होता.

त्यानेही मला ओळखलं असावं. माझ्या कडेला वखारीच्या रंगाचा एक हिरवा पोपडा अजून शिल्लक होता. तो पोपडा बोटाने खरवडून देवजी मारोतीला हळूच म्हणाला, की हा काटा खोटा हाय, आमच्या गावाला ठाऊक हाय.

त्या दिवशी तो बहात्तर किलो भरला. पुढच्या महिन्यात एकोणसत्तर. त्याच्या पुढच्या महिन्यात सहासष्ट. पावसाळा संपता संपता तो खोकायला लागला, तोंडावर रुमाल धरून, आवाज न करता. कमळाकरने वहीत काहीतरी लिहिलं आणि ते देवजीने पाहिलं.

चौथ्या महिन्याच्या सोमवारी देवजी पुन्हा सहासष्ट भरला. पाचव्या सोमवारीही तेवढाच. सहाव्या सोमवारीही तेवढाच. रांगेतल्या कुणाला त्यात काही वाटलं नाही. पण मला माणूस आणि ओझं यांतला फरक कळतो. माणूस फळीवर उभा राहिला की श्वासाबरोबर दांडी किंचित हलते. ओझं हलत नाही. देवजीच्या सहासष्ट किलोंतले काही किलो श्वासच घेत नव्हते. दर महिन्याला ते वाढत होते. आणि कमळाकरही आता वहीकडे न बघता देवजीच्या कमरेकडे बघायला लागला होता.

सातव्या सोमवारी ते उघडं पडलं. सकाळची कवायत झाली होती, खोलीत देवजी, मारोती आणि कमळाकर तिघेच. देवजी माझ्यावर चढला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. तो वाकला, तशी शर्टाखालची कापडी पट्टी उसवली आणि त्यातून शिशाच्या गोळ्या फळीवर पडून जमिनीवर घरंगळल्या. मासे धरायच्या जाळ्याला बांधतात त्या गोळ्या. एक पडली, मग तीन, मग सगळ्याच. त्याची बायको सगुणा हिने आपल्या जुन्या लुगड्याचा पट्टा शिवून त्यात त्या भरल्या होत्या. पट्टा रिकामा झाला आणि दांडी धाडकन खाली बसली. कमळाकरने सरकतं वजन मागे घेतलं. सत्तावन्न.

मारोती दाराकडे गेला आणि बाहेरून कुणी येत नाही ना ते बघत उभा राहिला.

मग देवजी म्हणाला, "माज्या बापाचं मीठ या काट्यानं जलमभर कमी दाखवलं. मी माजं आंग जास्त दाखवलं, तं काय बिघडलं? लिवा तुमी. लिवा वहीत."

कमळाकरने वही काढलीच नाही. खाली बसून त्याने गोळ्या गोळा केल्या, आपल्या रुमालात बांधल्या आणि देवजीच्या हातात दिल्या. एवढंच विचारलं, "देवजीभाऊ, खोकला किती दिवसांचा आहे?"

कमळाकरने त्याला स्कूटरवर मागे बसवलं आणि दवाखान्यात नेलं. संध्याकाळी मारोतीकडून कळलं की फुप्फुसावर डाग निघाला. क्षय. सुया आणि गोळ्या सुरू झाल्या, डॉक्टरांनी लांबलचक रजेचा कागद लिहून दिला. बरा होईल, पण औषध एक दिवसही चुकवायचं नाही, असं बजावलं.

बंबखान्यात याचा अर्थ वेगळाच लावला गेला. पहिला बळी गेला, असं जो तो म्हणू लागला. मारोतीने त्या खोलीत सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी तोही म्हणाला, की दवाखान्यात नेलं ते पुरावा जमवायला. आपलं वजन अठ्ठ्याऐंशी आहे, आता नंबर आपलाच, या विचाराने त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

आणि आता मी सांगतो ते नीट ऐका.

देवजी रजेवर जाऊन दीड महिना झाला असेल. दुपारची वेळ होती, सगळे जवान बंब घेऊन आगीच्या वर्दीवर गेले होते. मुख्य कचेरीतले एक साहेब व्यायामखोलीत आले. बरोबर रावसाहेब, समोर कमळाकर. साहेबांनी सांगितलं की काम न पेलणाऱ्या जवानांची यादी हवी आहे. इथून निदान सात नावं यावीत. वजनाचे आकडे आणि तुमच्या निरीक्षणाची वही आहेच, त्यातून ती सहज निघतील.

म्हणजे जवानांचा संशय खरा होता. खोली चाळणच होती. रावसाहेबांनी ती मागितली तेव्हा नसेल, पण आता झाली होती. रावसाहेब खिडकीबाहेर बघत राहिले.

कमळाकर म्हणाला, "साहेब, माणसं उभी करायची म्हणून मी इथे आलो. माणसं काढायची होती, तर मला आधी सांगायला हवं होतं."

साहेब शांतपणे म्हणाले, की तुमची मुदत या महिन्यात संपते, ती वाढवायची की नाही हे मलाच ठरवायचं आहे.

दाराशी आगीसाठी भरून ठेवलेल्या लाल बादल्या होत्या. कमळाकरने भिंतीवरचा आकड्यांचा तक्ता काढला, खिशातली वही काढली आणि दोन्ही पाण्याच्या बादलीत बुडवून हाताने दाबून धरली. शाई निळी होऊन वर आली. त्याने ओली वही पिळली, बाकावर ठेवली आणि हात पुसले. जाताना रावसाहेबांना नमस्कार केला. साहेबांना केला नाही. मग स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. तो परत आला नाही.

यादी गेली नाही. आकडेच नव्हते, तर कशाच्या आधाराने जाणार? काही महिन्यांनी त्या साहेबांची बदली झाली आणि विषय मागे पडला. देवजीची आणि मारोतीची नोकरी राहिली. आणखी पाच जणांची राहिली. रावसाहेबांनी यातलं अवाक्षर कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तेव्हा खिडकीबाहेर का बघत होते, हेही सांगावं लागलं असतं. त्यांनी एकच केलं, वजन सक्तीचं असल्याचा कागद दारावरून काढला. त्यानंतर हळूहळू जवान स्वतःहून खोलीत यायला लागले. मारोतीने दोन वर्षांत अकरा किलो उतरवले.

देवजी दहा महिन्यांनी परतला. पहिलं वर्षभर त्याला फोनवर बसवलं, मग बंबावर घेतलं. आल्या दिवशी तो कुणी न सांगता माझ्यावर चढला. अंगावर पातळ सदरा, कमरेला काही नाही. चौसष्ट. दांडी त्याच्या श्वासाबरोबर हलत होती. माझ्या आयुष्यात मला असा आनंद दुसऱ्यांदा झाला नाही.

मग त्याने विचारलं की मास्तर कुठे गेला. मारोती म्हणाला, "गेला वर, हापिसात. बढती मिळाली म्हनतात."

देवजी उतरला, चपला घातल्या. थोडा वेळ दोराकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आमची नावं दिल्याबिगर कोन देतो बढती? मना दवाखान्यात नेलं, तवाच मी समजलो."

मी लोखंडाचा. माझ्याकडे आकडा आहे, आवाज नाही.

त्याला आता चार वर्षं झाली. भिंतीपाशी नवा गोल काटा आला आहे, काचेचा, त्यावर पाय ठेवला की सुई पळते. माझी फळी फुटली, म्हणून मी जिन्याखाली. खोली चालू आहे. कमळाकरचं नाव निघालं की अजूनही कुणीतरी थुंकतं.

वाचणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कुणी सारसोळ्याला गेलात, तर खाडीकडे उतरणाऱ्या वाटेवर देवजीचं घर विचारा. दारात जाळं वाळत असेल. सगुणा असली तर तिलाही बोलवा. दोघांना सांगा, की मास्तरने एकही नाव दिलं नाही. त्याची बढती झाली नाही, नोकरी गेली.

तो विश्वास ठेवणार नाही. विचारेल, तुमाला कोन बोललं? तरी सांगा.