रिकामी पाठवायची नाही

मी थर्माकोलची एक पेटी बोलतेय. जन्मले आइस्क्रीमसाठी, पण झाकणाचा कोपरा तुटला आणि एल्विराबाईंनी मला दुकानदाराकडून मागून आणलं. तेव्हापासून माझं काम एकच. अर्जेंटिनातल्या ला रियोहा प्रांतातल्या आमच्या गावाहून बसने कोर्दोबा शहरात जायचं. तिथे त्यांची मुलगी मायलेन दातांची डॉक्टर व्हायला शिकते. माझ्यात गच्च भरलेल्या एम्पानादा, म्हणजे खिम्याच्या करंज्या, आणि गोठवलेले मिलानेसा, म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळवलेले मांसाचे काप.

"काकू, तिकडे दुष्काळ पडलाय का?" पार्सल घेणारा रामिरो चिडवायचा.

"शिकणारं पोर आहे रे. आडवी नको टाकूस, नीट ठेव."

ते शहर काही मला उमगलं नाही. विद्यापीठात फी नाही म्हणतात, मग पैसा जातो कुठे? दर काही महिन्यांनी भाडं वाढायचं. मला वाटायचं, खोलीही वाढत असेल. खोली तेवढीच राहिली, मायलेनच वाळत गेली. जेवणाच्या वेळी ती आणि तिची मैत्रीण ब्रेंदा नुसता माते, म्हणजे आमच्याकडचा कडवट पाल्याचा चहा, पीत बसायच्या आणि मी आले की झाकणावर तुटून पडायच्या.

आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मायलेनने माझ्यात चांगल्या दुकानातली आल्फाहोर बिस्किटं भरली.

"वेडी आहेस का? यात आपली आठवड्याची भाजी आली असती!" ब्रेंदा ओरडली.

"रिकामी पेटी बघून आई काय समजेल?"

"खरं ते समजेल."

"तेच नकोय. समजलं तर शिक्षण सोडून घरी ये म्हणेल."

घरी झाकण उघडताच एल्विराबाई हरखल्या. "बघा, पोरीने बस्तान बसवलं! आता तीच आपल्याला खाऊ पाठवते." पुढच्या खेपेला त्यांनी मिलानेसा निम्मेच भरले. जास्त कशाला, वाया जातील.

निम्मी पेटी बघून मायलेनचा चेहरा उतरला. "घरी ओढाताण दिसतेय गं," ती म्हणाली आणि तिने दुप्पट बिस्किटं पाठवली. ती बघून एल्विराबाईंनी आणखी कमी भरलं. मी आपली हेलपाटे घालतेय, आणि कोण कुणाला पोसतंय तेच मला कळेना. दोघीही खोटारड्या, आणि दोघींचाही राग येत नाही. हा कसला घोळ म्हणायचा?

आता माझ्या बुडाला भोकं पाडून एल्विराबाईंनी माझ्यात पुदिना लावलाय. शेजारीण विचारते, "लेकीला काही पाठवत नाही हल्ली?"

"तिला काय कमी आहे!" त्या अभिमानाने म्हणतात आणि पुदिन्याला पाणी घालतात.

बाई, मला आता जाता येणार नाही. एकदा तुम्हीच बसमध्ये बसा. पण तिला कळवू नका. कळवलंत तर ती तुमच्यासाठी पुन्हा काहीतरी विकत आणून ठेवेल.