मेणातलं हसू

न्यू मेक्सिकोच्या ताम्रवर्ण पठारावर हेमंताची दुपार पसरली होती. जलहीन, छायाहीन, निश्चल. ऊन लखलखत होतं, पण त्या उन्हाला ऊब नव्हती. पठाराच्या कडेला ओतशाळेची भट्टी धगधगत होती, आणि भट्टीसमोर लोरेटा हॅस्केल उभी होती.

चाळीस वर्षं या बाईनं ब्राँझची माणसं घडवली. अश्वारूढ सेनापती, दीर्घबाहू गव्हर्नर, चौकाचौकांतले थोर पुरुष! नाव झालं, सन्मान झाले. आणि घरी एकुलता एक लेक, नेथन, आईची वाट बघत बघत मोठा झाला. वसंतात तो गेला, तिशीसुद्धा न पाहता. काय म्हणावं अशा दैवाला!

मागे उरलं एक मेणाचं मुख. मधुवर्ण, ओंजळीत मावणारं. आजारातल्या एका सकाळी तो तिच्यापुढे बसला होता, कशावरून तरी खळखळून हसला, आणि तिच्या बोटांनी ते हसू तिथल्या तिथे टिपलं. तेवढंच काय ते तिच्याजवळ होतं.

आता ते ब्राँझमध्ये अक्षय व्हायचं होतं. मेणाभोवती मातीचं कवच चढतं, मेण वितळून वाहून जातं, त्या पोकळीत धातू उतरतो. म्हातारा ओतारी अन्सेल्मो म्हणाला, "बाई, मेण एकदा गेलं की परत यायचं नाही. आधी त्यावरून रबराचा साचा घेऊन ठेवा. सगळ्या सेनापतींचे घेतलेत ना?"

घेतले होते. एकेकाच्या आठ-आठ प्रती काढल्या होत्या.

"माझा लेक एकच होता, अन्सेल्मो. त्याच्या प्रती नकोत मला."

"मग कवच तरी नीट वाळू द्या. दोनच दिवस."

"उद्या त्याचा वाढदिवस आहे. आजच ओता."

आईच्या मनापुढे कुणाचं काय चालतं? धातू उतरला. अग्निवर्ण, तेजोमय, संथ. ओलसर कवचात वाफ फुसफुसली, आणि अन्सेल्मोनं डोळे मिटून घेतले. त्याला कळून चुकलं होतं.

कवच फोडलं. भाळ आलं होतं. हसऱ्या, अर्धोन्मीलित पापण्या आल्या होत्या. ओठ आले नव्हते. ओठांच्या जागी भगदाड होतं.

"ओठ पुन्हा घडवा, बाई. मी बेमालूम जोडून देतो," ओतारी कळवळून म्हणाला.

ती मेण घेऊन बसली. एक दिवस, दहा दिवस, अख्खा शिशिर. फोटोंत ओठ सापडले, हसू सापडेना. बोटांना आठवत होते ते शेवटचे ओठ, शुष्क, पाण्यासाठी विलगलेले. तेच घडत, तेच ती मोडी. शेवटी ओतशाळेत येऊन हताशपणे म्हणाली, "तुम्ही तरी सांगा हो, कसा हसायचा तो?"

अन्सेल्मोची मान खाली गेली. "तुम्ही त्याला कधी इथं आणलंच नाहीत, बाई."

तिनं ते शीतल, अपूर्ण मुख उचललं आणि बाहेर आणून मांडीवर घेतलं. वारा सुटला होता. त्या भगदाडातून तो आत शिरला, क्षणभर आतल्या आत घुमला, आणि एक शब्दही न बोलता निघून गेला.