जास्तीची वजाबाकी

हृदयाचे दोन्ही स्कॅन एकाच वेळी उरकायची कल्पना तिचीच. पूर्वी रुग्णाला हात डोक्यावर घेऊन दोनदा यंत्राखाली निजवावं लागे. म्हाताऱ्यांचे खांदे भरून येत. एक किरणोत्सारी औषध विश्रांतीत द्यायचं, त्यावरून हृदयाचा कुठला भाग जिवंत आहे ते कळे. दुसरं श्रमानंतर, त्यावरून रक्त कुठं कमी पडतं ते. एकदमच चित्रं घेतली तर दुसऱ्या औषधाचे भरकटलेले किरण पहिल्याच्या चित्रात घुसायचे आणि मेलेला भागही जिवंत भासायचा. विभागातली भौतिकतज्ज्ञ ती. तिनं ही घुसखोरी वजा करणारी पद्धत बसवली. चित्रं इतकी स्वच्छ निघाली की हृदयरोगाचे मोठे डॉक्टर म्हणाले, "मॅडम, आता मी चष्मा विकायला काढतो."

तिला तेव्हा आकाश ठेंगणं झालं होतं.

मग तपासणीसाठी प्लास्टिकचा नवा पुतळा आला. जुना आडदांड होता, हा किडकिडीत. त्याच्या छातीतल्या हृदयाच्या भिंतीत तिनं स्वतः औषध सगळीकडे सारखं भरलं. चित्रात मात्र खालच्या बाजूला भगदाड! पुन्हा भरलं, पुन्हा तेच. ती जुने आकडे काढून बसली. जाड शरीरात किरण जास्त भरकटतात, आणि तिनं वजाबाकी ठरवली होती आडदांड पुतळ्यावरून. बारीक माणसांच्या चित्रातून ती जिवंत भागही कापून टाकत होती.

तिच्या डोळ्यांपुढे पोहायला शिकवणारे मास्तर आले. अगदी काडीपैलवान. स्कॅनच्या टेबलावर निजताना म्हणाले होते, "नुसती हाडं आहेत, पोरांना प्रश्न पडतो मी तरंगतो कसा." त्यांच्या हृदयाची खालची भिंत मेली आहे, शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, असं तिच्याच चित्रावरून ठरलं होतं.

पद्धत गुपचूप दुरुस्त केली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. हा विचार मनात आला याचीच तिला लाज वाटली. ती उठून डॉक्टरांकडे गेली.

पुतळ्याचं आणि मास्तरांचं सगळं तिनं सांगितलं. "पद्धत तुमची, पण शस्त्रक्रिया नको असं मी म्हणालो," ते म्हणाले. "त्यांना बोलावून घेऊ."

"फोन मी करते, सर."

फोन मास्तरांच्या बायकोनं उचलला. "आहेत ना, घरातच असतात. तलाव सुटल्यापासून खिडकीशी बसून असतात."

जुन्या रीतीनं, दोनदा निजवून स्कॅन झाला. भिंत जिवंत होती. रक्त कमी पडत होतं, पण जिवंत होती. शस्त्रक्रिया झाली, नीट पार पडली.

ती वॉर्डात माफी मागायला गेली. मास्तर हसले. "अहो, नाकातोंडात पाणी गेल्याशिवाय कुणी पोहायला शिकलंय का? सोडून द्या."

तिला ते हसणं सोसलं नाही. ती बाहेर आली, तर मागोमाग त्यांची बायकोही आली.

"ते सोडून देतील, स्वभावच तसा आहे त्यांचा," बाई म्हणाल्या. "पण तलाव सोडून आले त्या दिवशी त्यांनी अंगावरचे कपडे भिजवून घेतले होते. म्हणाले, शेवटचं म्हणून तसाच उतरलो. मी त्यांचं डोकं पुसत बसले होते, ताई. रडत होते ते. मला नाही हो सोडून देता येत."

"नका सोडू," ती म्हणाली.

मग बाई आत गेल्या.

ती विभागात परतली. डॉक्टरांनी बारीक अंगाच्या साऱ्या रुग्णांची जुनी चित्रं बाहेर काढून ठेवली होती आणि एकेक पाहत होते. तिनं खुर्ची ओढली, फोन जवळ घेतला. पलीकडे कोण उचलेल, उचलायला कुणी असेल की नाही, याची धास्ती घेऊनच तिनं पुढचा नंबर फिरवला.