बाळाची दोन बोटं

मी कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे साचे पाठवतात, मी मेणात दात लावून बघतो आणि मग त्याची पक्की कवळी करून देतो. चाळीस वर्षं हेच काम. त्यामुळे घरात कपाचा कान मोडो नाहीतर चष्म्याची काडी, ते माझ्या टेबलावर येऊन पडतं आणि वर ऐकून घ्यावं लागतं, "एवढे लोकांचे दात बसवता, हे नाही का होणार?"

त्या सोमवारी दुपारी मात्र बायको काही न बोलता आली. तिने रुमाल टेबलावर ठेवला आणि उघडला. आत दोन बोटं होती, काडेपेटीतल्या अर्ध्या काडीएवढी.

"बाळाची," ती म्हणाली आणि स्टुलावर बसली.

बाळ म्हणजे आमचा बाळयेशू. दीड वीत उंच, प्लास्टरचा, डोक्यावर मुकुट, डाव्या हातात पृथ्वीचा गोळा आणि आशीर्वादासाठी वर केलेला उजवा हात. त्या हाताची दोन बोटं उभी. सासूबाईंनी लग्नात दिलेला. बायकोने त्याला आजवर मूर्ती म्हटलेलं मला आठवत नाही. चर्चमध्ये सणाप्रमाणे, उपासाप्रमाणे वस्त्रांचा रंग बदलला की घरी त्याचा झगा बदलतो. हिरवा, जांभळा, पांढरा, लाल, सगळे हिनेच शिवलेले, इस्त्री करून बिस्किटांच्या डब्यात ठेवलेले. संध्याकाळी सहाला ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसते. आधी प्रार्थना, मग दिवसभराचा सगळा पाढा. त्यात माझ्या तक्रारीही असतात. त्या आल्या की ती आवाज मुद्दाम चढवते.

आदल्या दिवशी, रविवारी चर्चमध्ये जांभळा लागला होता, म्हणून त्या दिवशी घरी जांभळ्याची पाळी होती. हिरवा झगा काढताना बाही बोटांत अडकली, हिने जराशी ओढली आणि बोटं हातात आली. दहाच मिनिटांत जावयाचा फोन. लेकीला रक्तस्राव झाला होता, हॉस्पिटलमध्ये दाखल केलं होतं. सातवा महिना. पलंगावरून उठायचं नाही आणि डोक्याला कसलाही ताप द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. याआधी दोनदा तिच्या पोटातलं बाळ गेलं होतं.

"मी त्याचा हात मोडला," बायको म्हणाली, "आणि लगेच..."

"अगं, प्लास्टर आहे ते. जुनं झालं होतं."

"तुम्ही गप्प बसा. प्लास्टर म्हणे!"

मी दिवा आणि भिंग जवळ ओढलं. बोटांची मोडलेली बाजू बघितली. तिथे एक गुलाबी रेघ होती. कवळीच्या हिरडीचा गुलाबी. तो रंग या घरात एकाच टेबलावर मिळतो.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. लेक आठ वर्षांची होती. आई बाजारात गेलेली बघून तिने बाळाला आंघोळ घालायचं ठरवलं. साबण लावून झाला आणि बाळ हातातून निसटून बेसिनच्या कडेवर आपटला. ओल्या फ्रॉकमध्ये, त्याला टॉवेलात गुंडाळून ती माझ्यापुढे उभी राहिली, तेव्हा रडायचंसुद्धा विसरली होती. माझ्या हाताशी हिरडीचंच मिश्रण होतं. त्याने बोटं जोडली, वरून रंग फिरवला. मग तिने मला शपथ घातली, "आईला कध्धीच सांगायचं नाही. मेलो तरी." मीही म्हटलं, मेलो तरी. बाप झाल्यावर काय काय म्हणावं लागतं!

आता आली का पंचाईत! खरं सांगावं तर बायकोच्या छातीवरचं ओझं उतरलं असतं, पण लेकीला दिलेला शब्द मोडला असता. लेकीलाच विचारावं, तर डॉक्टरांची ताकीद. मी माझा नेहमीचा मार्ग धरला. तोंड बंद ठेवलं आणि हात चालवले. चोरासारखं जुनं गुलाबी खरवडून टाकलं, आत केसाएवढी तार घातली, दातांच्या रंगाचं मिश्रण भरलं, घासलं, रंगवलं. आयुष्यात इतकं बारीक काम केलं नव्हतं. भिंगाखालीही सांधा दिसत नव्हता.

"छान झालंय," बायको म्हणाली. तिने जांभळा झगा अलगद चढवला, बाळाला त्याच्या जागी ठेवलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

"बसत नाहीस?"

"जोडलं म्हणजे मोडलं नव्हतं असं होतं का? कोणत्या तोंडाने मागू त्याच्याकडे?"

चार दिवस तेच. सहा वाजले की ही घासलेली भांडी पुन्हा घासायला घ्यायची. मग लेकीचा फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला, "आई, बाळासमोर बसलीस?"

"बसले की," ही म्हणायची. हिला खोटं बोलता येत नाही. फोन ठेवला की भांड्यांवर राग निघायचा. घर कसं सुनं सुनं झालं होतं. गुरुवारी मीच त्या खुर्चीवर जाऊन बसलो. मला काही येत नाही. "तूच काहीतरी कर बाबा," एवढंच म्हणालो आणि उठलो.

शुक्रवारी लेकीने व्हिडिओ कॉल केला. उशीवर चेहरा, डोळ्यांखाली काळं. उद्या सकाळी तपासणी होती. ठोके नीट असले तर थांबायचं, नाहीतर बाळाला सातव्या महिन्यातच बाहेर काढायचं.

"आई, आज मला तुझ्याबरोबर प्रार्थना म्हणायचीये. फोन बाळासमोर धर ना."

बायकोने फोन धरला. दोघींनी क्रूसाची खूण केली, पहिली ओळ म्हटली, आणि बायको थांबली.

"माझ्याने नाही होणार," ती रडायलाच लागली. "मी बोटं मोडली गं त्याची. सोमवारी, तुला नेल्याचा फोन आला त्याच्या दहा मिनिटं आधी. चार दिवस खोटं बोलतेय तुझ्याशी. हे सगळं माझ्यामुळे..."

मी फोन हिसकावायला धावलो, पण उशीर झाला होता.

"पपा," लेक म्हणाली, "तुम्ही आईला सांगितलं नाहीत?"

"तू शपथ घातली होतीस."

"मी आठ वर्षांची होते, पपा!"

"कसली शपथ?" बायको डोळे पुसायचं सोडून माझ्याकडे वळली.

मग लेकीनेच सगळं सांगितलं. आंघोळ, बेसिन, टॉवेल, हिरडीचा गुलाबी रंग. आता आपली धडगत नाही, हे कळून चुकलं होतं. पण लेकीचं बोलणं संपलं नव्हतं.

"आई, माझं पहिलं बाळ गेलं ना, तेव्हा मला वाटलं, याने ते लक्षात ठेवलंय. दुसऱ्या वेळी तर खात्रीच पटली. म्हणून रोज तुला विचारते, बसलीस का. मला एकटीला नाही गं बसवत त्याच्यासमोर."

ती शपथ मला गंमत वाटत आली होती. तिची आठवण आली की मी मनातल्या मनात हसायचो. आणि माझी पोर तीच भीती घेऊन दोनदा हॉस्पिटलमधून रिकाम्या हाताने घरी आली होती.

बायको ताठ झाली.

"वेडी आहेस का तू?" तिचा आवाज असा चढला की पलीकडे नर्सलाही ऐकू गेला असेल. "अगं, लेकरू आहे तो! आंघोळ घालताना लेकरू हातातून निसटलं तर ते डूख धरून बसतं का? रडतं, आणि घटकाभराने आपल्याच कडेवर येतं. आणि तो तुझ्या पोटातलं बाळ नेऊन वचपा काढेल? तसला असता तर मी त्याला घरात ठेवला असता का? इतकी वर्षं त्याला कपडे चढवले मी. मी त्याला ओळखते!"

लेक हुंदके आवरत होती. मग तिने अगदी हळू विचारलं, "मग तू का नाही बसलीस, आई, सोमवारपासून?"

बायकोने बाळाकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे.

तिने खुर्ची ओढली आणि फोन मांडीवर घेऊन बसली.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. लेकीला म्हणाली की बाळाला, ते मी विचारलं नाही. "बसले बघ. आता तूही बस. नको, तू पडूनच राहा. आणि माझं राहू दे, तूच माग. तुला काय पाहिजे ते त्याला सरळ सांग."

लेकीने तिकडचा फोन खाली केला, तेव्हा पोटावर ठेवलेला तिचा हात दिसला.

"बाळा," लेक म्हणाली, "हे एवढं माझ्याजवळ राहू दे."

बायको डोळे पुसत होती, म्हणून आमेन मीच म्हटलं.