राखून ठेवलेली एकवीस मिनिटं

आमच्या मंडळाचं वर्ष एका दिवसात उरकतं. कागदोपत्री ते बारा महिन्यांचंच आहे, पण त्यातले अकरा महिने आणि एकोणतीस दिवस विषय साठवण्यात जातात आणि उरलेल्या एका दिवशी, वार्षिक सभेत, साठलेले विषय पुढच्या वर्षी घ्यायचे असं एकमताने ठरतं. सरकारी कामाला सहा महिने लागतात म्हणून ज्यांचा जीव वर-खाली होतो, त्यांनी एकदा आमच्याकडे अर्ज करून बघावा.

मंडळ म्हणजे चाळीसेक खेड्यांचे रस्ते, पाणी, शाळा आणि दवाखाने सांभाळणारे नऊ निवडून आलेले लोक. मी तिथला हंगामी कारकून. सहा वर्षं हंगामी आहे. इतका टिकणारा हंगाम दुसरा पाहिलेला नाही. मला कायम करण्याचा विषय दर वर्षी विषयपत्रिकेत सगळ्यात शेवटी असतो, आणि शेवटपर्यंत आमची सभा कधी पोचत नाही. कायम झालो तर कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत दोन खोल्या मिळणार होत्या. तोवर मी, बायको आणि माझ्या तीन पेट्या सासूबाईंच्या घरी. नोकरीत हंगामी आणि घरजावई म्हणून कायम, अशी माझी एकंदर परिस्थिती.

सासूबाई गावच्या दवाखान्यात चाळीस वर्षं नर्स होत्या. बोलणं मोजकं. 'जेवा', 'झोपा', 'पाय पुसा' एवढ्यावर त्यांचा आणि माझा संवाद सहा वर्षं सुरळीत चालला होता. निवृत्त झाल्यापासून त्या दर वर्षी वार्षिक सभेला येत आणि दवाखान्याबद्दल बोलत. एकदा गळकं छप्पर, एकदा फ्रिज, एकदा डॉक्टर.

मंडळाच्या नियमाप्रमाणे कोणाही नागरिकाला सभेत तीन मिनिटं बोलता येतं. वेळ मोजायला माझ्याकडे स्टॉपवॉच आणि टेबलावरची पितळी घंटा. पण आमच्या अध्यक्षांना दुसऱ्याचं बोलणं एक मिनिटापलीकडे सोसत नाही. मिनिट झालं की ते हात वर करून अत्यंत गोड आवाजात म्हणतात, "आपला मुद्दा लक्षात आला. आपला उरलेला वेळ राखून ठेवण्यात येत आहे." मी घंटा वाजवतो. आपलं काहीतरी राखून ठेवलंय या समाधानात माणूस घरी जातो. मी इतिवृत्तात तसंच लिहितो, कारण सभेत बोललं गेलेलं वाक्य गाळायचं नाही, हे माझ्या आधीच्या कारकुनाने मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तोही बावीस वर्षं हंगामी होता.

या वर्षी विषयपत्रिकेत चौदा विषय होते. तेरावा, आमच्या गावचा दवाखाना बंद करणे. कारण लिहिलं होतं, 'रुग्णसंख्येत घट'. ती घटली होती कारण दोन वर्षं तिथे डॉक्टर नव्हता, आणि डॉक्टर नव्हता कारण त्याच्या नेमणुकीचा विषय दोनदा पुढच्या वर्षावर गेला होता. मंडळ स्वतःच झाड तोडतं आणि सावली नाही म्हणून अहवाल देतं. तरी सासूबाईंच्या हाताखाली तयार झालेली एक नर्स तो दवाखाना चालवत होती. चौदावा विषय अर्थात मी.

घरी बायकोला आठवा महिना होता. बाळंतपण त्याच दवाखान्यात करायचं ठरलं होतं. त्याच्यानंतरचा दवाखाना बसने अडीच तास, आणि बसही आमच्या मंडळाचीच, म्हणजे आली तर.

"आईला काही सुचवू नका," सभेच्या आदल्या दिवशी बायको म्हणाली. "तिचं ती बघेल. तुम्ही आपलं कायम व्हा."

मी काय सुचवणार होतो? मी तर अळीमिळी गुपचिळी धरून बसलो होतो. कारण आमच्याकडे आणखी एक नियम आहे. वार्षिक सभेच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या ठोक्याला मंडळाचं वर्ष संपतं. पाचच्या आत जे मंजूर झालं ते झालं, राहिलं ते आपोआप पुढच्या वर्षी. दवाखाना बंद व्हायचा तर पाचच्या आत, आणि मी कायम व्हायचो तर तेही पाचच्या आतच. आणि दवाखाना बंद करायची या वेळी अध्यक्षांना अशी काही घाई होती की पहिले बारा विषय चार वाजताच आटोपले होते. इतक्या वेगाने पुढे ढकललेले विषय मी पूर्वी पाहिले नव्हते.

तेरावा विषय पुकारला तेव्हा सासूबाई उठल्या. स्वच्छ पांढरी साडी, हातात पिशवी, पिशवीत जुने कागद.

"बोला. तीन मिनिटं," अध्यक्ष म्हणाले.

"एकवीस," सासूबाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी कान पुढे केला.

"नऊ वर्षं मी येते. दर वर्षी एक मिनिट बोलू दिलंत आणि दोन मिनिटं राखून ठेवलीत. नऊ दुणे अठरा. आणि आजची तीन. मला माझा वेळ हवाय."

सभागृहात हशा पिकला. अध्यक्षही हसले, पण त्यांचं हसणं माझ्यापर्यंत येईतो विरलं. "असं काही लिहिलेलं आहे का?" त्यांनी मला विचारलं.

सासूबाईंना हे कुठून कळलं ते माझ्या तेव्हा लक्षात आलं. इतिवृत्ताच्या खराब झालेल्या प्रती मी रद्दी म्हणून घरी नेत असे. सासूबाई त्या फळीवर, डब्यांखाली अंथरत. अंथरण्याआधी वाचत असतील असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. आमचं इतिवृत्त मन लावून वाचणारा जगातला एकमेव माणूस माझ्याच घरात राहत होता.

"पाहून सांगतो," मी म्हणालो. अध्यक्षांनी दहा मिनिटांची विश्रांती जाहीर केली आणि माझ्या मागोमाग दप्तरखान्यात आले. दार लोटून घेतलं.

"बाई तुमच्या कोण?"

"सासूबाई."

"अरे वा," ते म्हणाले. मग कपाटाला टेकून हलक्या आवाजात बोलायला लागले. "हे बघा, जुनी बाडं आहेत. कुठलं पान सापडतं, कुठलं नाही. तुम्ही आत येऊन एवढंच म्हणा की तशी नोंद आढळत नाही. मग मी चौदावा विषय आधी घेतो. तुमचा. दोन मिनिटांचं काम. सहा वर्षं झाली ना तुम्हाला?"

"सहा."

"बघा, मंडळाचंसुद्धा चुकतं कधी कधी."

खोटं कशाला बोलू, मला त्या दोन खोल्या दिसल्या. त्यातला माझा स्वतःचा स्टोव्ह दिसला, आणि पाय न पुसता आत जाणारा मीही दिसलो. कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की बायकोचा आठवा महिना आठवला आणि मी ठाम झालो. तो आठवला, पण नंतर. आधी मला राग आला. सहा वर्षांत या इमारतीत एकच गोष्ट चोख झाली होती, ती म्हणजे माझं इतिवृत्त. एक खाडाखोड नाही. आणि हा गृहस्थ मला सांगत होता की त्यातली पानं सापडत नाहीत म्हण.

"सगळी पानं आहेत साहेब," मी म्हणालो. "मी स्वतः शिवलीत."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वसाहतीतल्या खोल्यांचा विषय मनातून काढून टाकला.

सभेत मी नऊ वर्षांच्या नऊ नोंदी वाचल्या. तारीख, विषय, आणि 'उरलेला वेळ अध्यक्षांच्या आदेशाने राखून ठेवण्यात आला.' एका सभासदाने शंका काढली की राखून ठेवलेला वेळ देण्याची तरतूद कुठे आहे. दुसरा म्हणाला की न देण्याचीही कुठे नाही. यावर समिती नेमावी अशी सूचना आली. समितीचा अहवाल पुढच्या वर्षी येईल हे अध्यक्षांच्या लक्षात आलं आणि त्यांनी घाईने हात हलवला.

"बोला बाई. बोला."

मी स्टॉपवॉच सुरू केलं. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून एकेचाळीस मिनिटं झाली होती. बेरीज मला येते. अध्यक्षांनाही येत असावी, कारण ते माझ्या घंटेकडे बघत होते. स्टॉपवॉच फक्त मला दिसत होतं. सतराव्या मिनिटाला एकवीस झाली म्हणून मी घंटा वाजवली असती तर अर्ध्या सभेला तोवर डुलकी लागलेली असती आणि उरलेल्या अर्ध्या सभेने आभार मानले असते.

सासूबाईंनी पिशवीतले कागद काढलेच नाहीत. हात बांधून उभ्या राहिल्या.

"रुग्णाचं नाव दवाखान्याबाहेर काढायचं नाही, असा आमचा नियम आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून नावं सांगणार नाही. एक मुलगा, वय सात, नाकात वाटाणा. आई म्हणाली, आपोआप निघेल. तीन दिवसांनी मोड आल्यावर आणला. काढला. मुलगा हुशार निघाला, आज सार्वजनिक जीवनात आहे."

पाणीपुरवठा समितीच्या सभापतींनी नाक पुसलं. आठ जणांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"एक गृहस्थ, वय चाळीस. घोड्यावरून पडलो म्हणून आले. गावात घोडा नाही. स्टुलावरून पडले होते. तीन टाके. टाके घालताना मला म्हणाले, बाई, तुम्ही घोडाच लिहा. मी स्टूलच लिहिलं."

आता हशा वेगळा होता. डुलकी घेणारे जागे झाले. सासूबाई एकेक केस सांगत गेल्या. वय, काय झालं, काय केलं. निवडणुकीच्या आधी छातीत दुखलेलं आणि निकालानंतर थांबलेलं एक. सुई बघून बेशुद्ध पडलेले दोन. चावी सापडेना म्हणून दवाखान्याच्या पायरीवर जन्मलेलं एक बाळ, आज वजन नव्वद किलो. कोणाचं नाव नाही, पण प्रत्येक वाक्याला एखादी खुर्ची करकरत होती. चोराच्या मनात चांदणं. घरात चार शब्दांवर दिवस काढणारी ही बाई एवढं कुठे साठवून होती कोण जाणे.

मध्येच त्या म्हणाल्या, "एक माणूस, वय तीस, साप. लस फ्रिजमध्ये ठेवावी लागते. फ्रिज मी आदल्या वर्षी या सभेत मागितला होता. पुढच्या वर्षी घेऊ असं ठरलं. पुढच्या वर्षी फ्रिज आला. माणूस आला नाही. त्याची नोंद पण आहे. जे वाचत नाहीत त्यांचीही दवाखान्यात लिहितात."

मी लिहीत होतो आणि मला माझी शाई दिसेना. ती सभा माझ्याच काळातली होती. 'पुढील वर्षी घ्यावे' हे माझंच वळणदार अक्षर होतं.

मग त्या पुन्हा चालू झाल्या. गालफुगी, कुत्रा चावणं, तिळ्या मुली. स्टॉपवॉच अठराव्या मिनिटावर आलं. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहून टेबलावर बोट वाजवलं, दोनदा. मी हात मांडीखाली घेऊन बसलो.

बरोबर एकविसाव्या मिनिटाला मी घंटा वाजवली. पाच वाजून दोन मिनिटं झाली होती. सासूबाई वाक्य अर्धवट सोडून खाली बसल्या. नियम म्हणजे नियम.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं, मग विषयपत्रिकेकडे. त्यांचा आवाज गोड नव्हता. "उरलेले विषय पुढील वर्षी घेण्यात यावेत." मी लिहून घेतलं. विषय तेरा, पुढील वर्षी. विषय चौदा, पुढील वर्षी. आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य कोणाच्या तरी उपयोगी पडत होतं, आणि पहिल्यांदाच ते मला लिहवत नव्हतं.

बसच्या थांब्यावर आम्ही दोघंच होतो. बस अर्थातच नव्हती. सासूबाईंनी पिशवी बाकावर ठेवली आणि त्या रस्त्याकडे बघत बसल्या. आजचे शब्द संपले असतील असं मला वाटलं.

"चौदावा तुमचा होता ना?" त्यांनी विचारलं.

"हो. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"दारावर पत्रिका लावली होती. वाचली."

म्हणजे माझं काय जाणार हे त्यांना बोलायला उठण्याआधीपासून माहीत होतं. मला त्यांचा राग आला आणि तो दाखवायची लाजही वाटली.

"मग बोलताना एकदाही थांबावंसं वाटलं नाही?"

"वाटलं की," सासूबाई म्हणाल्या. "सगळा वेळ मी तुमच्या हाताकडे बघत होते. तुम्ही मध्येच घंटा वाजवली असतीत तर मुकाट्याने बसणार होते. वेळ मोजायचा कोणी, तुम्ही. मी कुणाला सांगितलं नसतं. माझ्या लेकीलासुद्धा नाही."

समोरच्या रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला आणि त्याची धूळ बाकावर येऊन बसली. मग त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि बाकावरची मोकळी जागा पदराने पुसली.

"बसा," त्या म्हणाल्या. "पाय दुखत असतील."